काळी पडलेली पट्टी

चि. हरेश्वर,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही रे, तरी लिहिते. हे तुला कधी देईन असं वाटत नाही.

तू आत ऑपरेशनच्या टेबलावर आहेस, मी बाहेर बाकड्यावर. मांडीतून वायर घालून ती हृदयापर्यंत नेतात. मग एकेका जागी बारीक करंट देऊन ठोके पाडतात. धडधडीच्या झटक्यात उमटल्या होत्या तशाच रेषा जिथून उमटतील, तिथे दुखण्याचं मूळ. म्हणून डॉक्टरांनी ती ईसीजीची पट्टी मागितली होती. मुलुंडच्या दवाखान्यात, झटका चालू असतानाच काढलेली, एकुलती एक.

ती हरवली नाही, हरेश्वर. खोटं बोलले मी. काल तुझ्या शर्टाला इस्त्री करत होते. पट्टी चुरगळलेली दिसली. डॉक्टरांपुढे नीट दिसावी म्हणून तिच्यावरही इस्त्री फिरवली. सगळा कागद काळाकुट्ट झाला. मला काय माहीत, त्या कागदावर मशीन गरम सुईने लिहितं म्हणून!

डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही ताई, आता झटका मुद्दाम आणून बघू." तो आपणहून थांबला नाही तर शॉक द्यावा लागेल, हेही म्हणाले. मी सही केली. दुसरं काय करणार होते?

दार अजून बंद आहे.

आत जाताना तू शर्ट काढून माझ्या हातात दिलास आणि हसलास, "तायडे, इस्त्री झकास झालीय हं." तो मांडीवर घेऊन बसलेय. घडी मोडू देत नाहीये.

तुझी,
तायडी