साखरपुड्यातला झोक

कराड, फाल्गुन, १९९४

मित्रवर्य मानसिंग यास लालासाहेबाचा रामराम.

चौथीत आपण सगळे एका सुरात कविता म्हणायचो आणि आढ्यावरची कबुतरं फडफडून उठायची. तो फडफडाट काल दुपारी उगाच कानी आला नि तुझी सय झाली. तुझी म्हैस, तुझा दमा आणि वहिनींचे गुडघे (हा क्रम तुझाच) खुशाल असतील.

माझं म्हणशील तर उत्तम. दिवाळीत एम-एटी गाडीवरून पडून डोक्याला मार लागला, हे तुला कळलंच आहे. हाडं शाबूत राहिली. पण मेंदूनं आतल्या आत खातेबदल केला. चालताना डावीकडं झोक जातो, वाऱ्यातल्या उसासारखा. (उसाला कुणी नावं ठेवत नाही.) दोन कडवी म्हटली की शीण येतो, मिक्सर लागला की कपाळात सळई जाते. आणि वास म्हणशील तर मुळीच येत नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही, कदाचित येणारही नाही. (एवढं तर नंदीबैलही मान हलवून सांगतो.)

आता नात राजेश्वरीच्या साखरपुड्याची हकिकत. पाहुणे इस्लामपूरचे, तालेवार. मी नवा कोट चढवला, कोनाड्यातल्या बाटलीतलं गुलाबपाणी मानेला, मनगटाला लावलं, रुमालही भिजवला. ते गुलाबपाणी नव्हतं. शालूबाई (आमची सौ.) ज्या स्पिरिटनं माझा पाय चोळते, ते होतं. मला काय कळणार? मंडपात पानसुपारी द्यायला उठलो, झोक गेला, आणि तबकासकट नवऱ्यामुलाच्या आजीच्या, आक्काताईंच्या, पुढ्यात जाऊन बसलो. त्यांनी नाकाला पदर लावला. मागून आवाज आला, “दुपारीच सुरू व्हय पाव्हणं?”

सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस मी, ऐकून कसा घेणार? शुद्धीवर असल्याचा पुरावा म्हणून उभा राहिलो आणि चौथीतली पावसाची अख्खी कविता, एक अक्षर न चुकता, चालीवर, हातवाऱ्यांसह म्हटली. मानसिंगा, आपल्या भागात भर मंडपात न पिता कविता कोण म्हणतो? कुणाला थोडी शंका होती, तीही फिटली. शालूबाई एवढंच म्हणाली, “आवं, निदान चाल तरी लावायची न्हाई.”

पंधरवडा झाला, तिकडून लग्नाच्या तारखेचा निरोप नाही. राजेश्वरी मला एका शब्दानं बोलत नाही. रोजच्यासारखी हाताला धरून अंगणात फिरवते. तेच जास्त लागतं.

बाकी आनंद.

तुझा,
लालासाहेब

ता. क. आक्काताई तुझ्या मेव्हणीची थोरली जाऊ ना? तेवढं जाऊन सांग: माणूस डोक्यावर पडलेला आहे, प्यालेला नाही.

दुसरा ता. क. नको, जाऊ नकोस. मी तुला ओळखतो. माझी बाजू मांडता मांडता तूही उभा राहून कविता म्हणशील.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तोच कडी वाजली. दारात आक्काताई! एकट्या, एस.टी.नं आलेल्या. मी लगबगीनं उठलो, अर्थात डावीकडं गेलो. बाईंनी पिशवी खाली टाकली आणि सराईतपणे माझ्या कोपराखाली हात घातला. म्हणाल्या, “भित्तीवर नगं, माज्यावर भार टाका. आमचं मालक मिल्ट्रीतनं डोक्याला लागून आलं, त्ये धा वर्सं असंच चालायचं. त्या दिशी वासानं मी फसले. घरी गेल्यावर तुमचा झोक आठवला, तवापास्नं झोप न्हाई. पोरीला हाक मारा. तारीख घिऊन आलीया.”