संथ रचना शेवटी

पनवेल, बुधवार, डिसेंबर १९५४

शाळेच्या संमेलनात मला पियानोवर दोनच रचना वाजवायच्या आहेत. लग्नानंतर पहिल्यांदाच लोकांसमोर बसणार. हेडमास्तरांचं म्हणणं, संथ रचना आधी आणि नाचाचा वॉल्ट्झ शेवटी, म्हणजे टाळ्या पडतील. हो म्हणून बसले, पण मनाला पटेना. का?

आज सराव चालू असताना मासळीवाली हिराबाई दारात थांबली. वॉल्ट्झवर तिची मान डोलली. संथ रचना संपली तेव्हा मात्र ती टोपली उचलायचीच विसरली. मी लगेच पुन्हा वॉल्ट्झ सुरू केला, तर म्हणाली, "आता नको गो ताई. यानंतर काय बी ऐकवत नाय."

संध्याकाळी हेडमास्तरांना सांगून आले, संथ रचनाच शेवटी वाजवणार.

"आणि टाळ्या नाही पडल्या तर?"

"नाही पडल्या तरी चालेल," म्हटलं.