रेमा मॅडम कधी नाही म्हणत नाहीत

४ नोव्हेंबर
कोट्टयमजवळच्या या वृद्धाश्रमात आज रुजू झाले. खोली ऐसपैस, जेवायला कप्प म्हणजे उकडलेला टॅपिओका कंद आणि मीनकरी, म्हणजे माशाची आमटी, मेट्रन हसतमुख. बावीस आज्याआजोबा, सगळे स्मृतिभ्रंशाचे. शिवाय आम्हा नर्सांचं मन ताळ्यावर राहावं म्हणून दर बुधवारी मोबाइलवर समुपदेशन! मस्कतच्या नोकरीतही इतके लाड झाले नव्हते. नाताळला लेक जिन्सी येईल आणि घरी नेईल. तोवर मजेत राहीन.

७ नोव्हेंबर
बाविसांतल्या थ्रेस्याम्मा टीचर दिवसातून वीसदा फाटकाशी जातात. घरी सोडा म्हणतात. स्वयंपाकघरातल्या रोसिलीने तोंड उघडलं, घर कधीच विकलं म्हणून. मग काय, रडारड! मी तिला झापलं. अगं बये, यांना नाही म्हणायचंच नाही. हो म्हणायचं, पाणी द्यायचं, विषय बदलायचा. एवढंही कळू नये?

१३ नोव्हेंबर, बुधवार
समुपदेशक रेमा मॅडमना मोबाइलच्या पडद्यावर स्पष्ट सांगितलं, बाविसांना आम्ही दोघी नर्स पुरत नाही, अजून माणूस द्या. त्या म्हणाल्या, हो चेची (इथे ताईला चेची म्हणतात), खरंय तुमचं, थोडं पाणी प्या. मग विचारलं, आज वार कोणता? डोंबल! इथे माझी पाठ मोडलीय आणि बाईंना वार हवाय.

२७ नोव्हेंबर
पुन्हा तेच. माणूस नाही, सुट्टी नाही, नुसतं हो चेची, हो चेची. वर तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि शेवटी परत विचारले. इतकी चिडले की एकही सांगितला नाही. मुद्दामच नाही सांगितला.

४ डिसेंबर
आज पडद्याच्या कोपऱ्यात जिन्सी होती. डोळे पुसत होती. तिला कुणी बोलावलं? मी म्हटलं, माझं काम संपलं, आत्ताच ने. ती म्हणाली, हो अम्मची, जाऊ या हं, आधी पाणी पी.
हो म्हणायचं, पाणी द्यायचं, हे तर मीच रोसिलीला शिकवलेलं. मी फोन पालथा ठेवला.

डिसेंबर
गणवेश सापडत नाही. खुंटीवर कुणाचा तरी गाऊन आहे. रोसिली मला भरवायला बसली — ओरडले तिच्यावर — मेट्रन म्हणाली, हो, हो, तुमचंच बरोबर —

बहुतेक रविवार
नवीन नर्स आली. आंघोळीला चला म्हणते. मी बजावलं, मी इथली नर्स आहे, तीस वर्षं हेच करतेय. लगेच हो म्हणाली. हसून. हात न सोडता.
अगं, एकदा तरी नाही म्हण. भांड माझ्याशी. खोटं बोलतेस म्हण, म्हणजे मला कळेल की मी त्या बाविसांतली नाही, मी —