माझ्या तपासणीत राजाभाऊचं नाव

लुडविग्सहाफेन, जर्मनी

प्रिय राजाभाऊ,
सप्रेम जयभीम. मी आणि गयाबाई इथे लेकीकडे खुशाल आहोत. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू "झकास" म्हणणार, आणि तुझ्या त्या झकासपणामुळेच परवा इथे मोठा घोळ झाला.

माझा गुडघा थंडीपासून कुरकुरतोय. म्हणून क्रांती (कारखान्यात केमिस्ट, घरात हेडमास्तरीण) मला तिच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी टेबलावर एक काळी डबी ठेवली आणि विचारलं, हे यंत्र आपलं बोलणं ऐकून टिपणं लिहील, चालेल का? नको असेल तर मी हातानं लिहीन. मी म्हटलं, चालेल की! वीज मंडळात जन्मभर माझं कोणी ऐकलं नाही, यंत्र ऐकतंय तर ऐकू दे. शिवाय मी मराठीत बोलणार, त्याला काय डोंबल कळणार? (क्रांती शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगणार आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.)

बाईंनी विचारलं, गुडघ्याच्या गोळ्यांनी पोट बिघडतं का, शौचाला रक्त जातं का? मी म्हटलं, "मला नाही, पण आमच्या राजाभाऊला महिनाभर जातंय, आणि पठ्ठ्या मूळव्याध म्हणून अंगावर काढतोय." क्रांतीनं इमानेइतबारे भाषांतर केलं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. यंत्रानं लिहिलं होतं : रुग्णाला महिनाभर रक्तस्राव, उपचारांची टाळाटाळ! मित्राचं नाव पुढे करून मी स्वतःचंच दुखणं लपवतोय असं वाटून बाई मला पलंगावर आडवं व्हायला सांगू लागल्या. रबरी हातमोजे दिसताच (भलेभले घाबरतात, मी कोण?) मी तुझं नाव, वय, नागपूर, जरीपटका, सगळं ओकून मोकळा झालो. क्रांती "गेनाऊ, गेनाऊ" (म्हणजे बरोबर, बरोबर) म्हणत तेही सांगत होती आणि डबी तेही टिपत होती.

मग चूक उमगली. विहाराच्या आवारात चपला शोधताना तू माझा हात धरून ते सांगितलं होतंस, सुनेलासुद्धा कळू द्यायचं नव्हतंस, आणि मी ते जर्मनीच्या दप्तरी लावून बसलो! क्रांतीला म्हटलं, "बाईंना सांग, तो माणूस इथे नाही, त्याला कोणी विचारलेलं नाही. त्याचं सगळं पुसा." वाटलं, बाई हसतील. पण त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला, माझ्यासमोर तुझ्या ओळी पुसल्या आणि उरलेलं क्रांतीकडून मला वाचून दाखवलं. मग डबी बंद करून म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण मित्राला सांगा, तपासल्याशिवाय मूळव्याध ठरवू नका. पुष्कळदा साधंच काही निघतं. नसलं, तरी लवकर कळलेलं बरं."

किती मऊ आवाजात बोलल्या रे त्या, ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाबद्दल. मला एकदम तुझी आठवण आली.

तुझा,
यादवराव

ता. क. – याच आठवड्यात शमिकाला घेऊन दवाखान्यात जा. सून आहे, परकी नाही. मी तिला अवाक्षर बोललेलो नाही, तूच सांग.

आणखी ता. क. – "आधी तू तपासून घे" असं तू म्हणणारच, म्हणून आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीला मीही नाव दिलंय (या वयात करून घ्यावी म्हणे). यंत्र मात्र बंद ठेवा, असं बाईंना बजावलं. त्या म्हणाल्या, काळजी नको, तेव्हा तुम्हाला गुंगी दिलेली असेल. तेवढा वेळ तरी तुम्ही कुणाचं काही सांगणार नाही.