नवव्या ट्रेचा मॅनवे

२१ ऑगस्ट, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तिच्या म्हणण्यानुसार दुखतो, डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार दुखत नाही. तू बसवलेली गच्चीची कडी अजून तशीच घट्ट आहे. उघडताना सगळे तुझी आठवण काढतात, फार चांगल्या शब्दांत नाही.

सकाळपासून हे पत्र लिहितेय. दोन कागद फाडले. मध्येच उठून धुतलेली भांडी पुन्हा धुतली. फोनच करणार होते, पण त्या दिवसाचा विषय निघाला की तू फोन ठेवून देतोस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचशील, एवढा भरवसा आहे.

परवा चिमणीने विचारलं, "आई, तू ऑफिसात नक्की काय करतेस?" म्हटलं, उंच टॉवर असतो, त्यात एकावर एक पत्र्याचे ट्रे. ट्रेला शेकडो भोकं, आणि प्रत्येक भोकावर एक छोटी टोपी, तिला व्हॉल्व्ह म्हणतात. खालून वाफ आली की टोप्या उचलल्या जातात, वाफ कमी झाली की खाली बसतात. कुठे किती टोप्या बसवायच्या ते मी ठरवते. ती म्हणाली, "म्हणजे तू झाकणं मोजतेस." मग तिनेच भर घातली, "आणि मामा आत रांगत जाऊन ती बसवतो." मला हसू आलं नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी त्या दिवशी तू आठव्या ट्रेवर होतास. खालची वाट आधीच बंद झाली होती. लंबूभाऊंनी नवव्या ट्रेचा मॅनवे, म्हणजे माणूस जाण्याएवढं झाकण, तुझी वर यायची एकुलती एक वाट, वरून आवळून टाकला. तू बाहेर पडलास असं त्यांना वाटलं. माणसं मोजली नाहीत, ही त्यांची चूकच. तीन तास तू त्या दोन फुटांत आडवा पडून पाना आपटत होतास आणि बाहेर ग्राइंडर चालू होता. पंधरा वर्षांच्या जोडीदाराचं तोंड पाहायचं नाही असं तू ठरवलंस, आणि त्यांना टोळीतून काढलं.

पण दादा, तुझ्या हातात पाना होता. दुसऱ्या कुठल्याही टॉवरात तू पाच मिनिटांत खालून मॅनवे उघडून वर आला असतास. तो खालून का उघडला नाही, हे तू कधीच विचारलं नाहीस. गंजला असेल, एवढंच म्हणालास.

गंजला नव्हता. त्याला खालून उघडायची सोयच नव्हती. दोन्हीकडून उघडणारे क्लॅम्प लावले की कडेच्या व्हॉल्व्हची ओळ जाते, आणि मला अठरा व्हॉल्व्ह कमी पडत होते. हिशेब काही केल्या जमेना. मी क्लॅम्प बदलले आणि मनाशी म्हटलं, खालून कोण कशाला येतंय? मॅनवे दोन्हीकडून उघडलाच पाहिजे, हे मला पहिल्यांदा कुणी शिकवलं ते तुला माहीत आहे. जेवताना ताटात चमचा उलटा धरून शिकवलं होतंस.

चौकशीत मला विचारलं, ड्रॉइंग नियमाप्रमाणे होतं का? मी हो म्हटलं. कुणी कागद उघडलाच नाही. लंबूभाऊ समोरच बसले होते.

मागच्या आठवड्यात शेजारच्या टॉवरचे ट्रे माझ्या टेबलावर आले. साहेब म्हणाले, "जुनंच ड्रॉइंग काढ, तारीख बदल." माझा हात चालेना. त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "वर्ष झालं, आता कशाला उकरून काढतेस?"

रविवारी लंबूभाऊंकडे गेले. हल्ली ते पाण्याचे पंप दुरुस्त करतात. सगळं ऐकून घेतलं, हातातला पंप काही खाली ठेवला नाही. मग म्हणाले, "त्याला सांगू नकोस. माझ्यावर राग धरून तो परत टॉवरात उतरतोय ना, उतरू दे. तुझ्यावर राग धरून तो घरी कसा येईल?"

मला त्यांचं ऐकायचं होतं. तीन दिवस ऐकलंही. या तीन दिवसांत मी एका जागी दहा मिनिटं बसलेली नाही. शेवटी काल साहेबांच्या हातात लेखी दिलं: ड्रॉइंग चुकीचं होतं, मी केलं होतं, चौकशीत मी खोटं बोलले. त्या टॉवरात आता कुणी उतरणार नाही. माझं काय होईल ते कळेलच. भीती वाटते, पण त्यापेक्षा तुझी जास्त वाटते.

लंबूभाऊंचा नवा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. मला फोन केला नाहीस तरी चालेल असं लिहिणार होते, पण चालणार नाही. तरीही आधी त्यांना कर.

त्या ड्रॉइंगखाली जिची सही आहे ती,
तुझी धाकटी