कबुतरी भिंत

कोन, १८ नोव्हेंबर २०२४

पांढरी भिंत कुणाच्या अकलेनं ठेवलीस? दोन स्थळं आली, चहा पिऊन गेली, परत फोन न्हाय. त्या भिंतीपुढं क्षितिजा बसली की दुधात पडलेली माशी दिसते. पोर काळी हाय हे देवानं ठरवलं. भिंत पांढरी हे तू ठरवलंस.

चि. सौ. विनितास सासूचे आशीर्वाद. फोनवर तू हो हो म्हणतेस आन् करत न्हाय, म्हून केसरीनाथच्या खिशात कागद घालून धाडते. नवऱ्याचा खिसा तरी तपासत असशील.

३० तारखेला कशेळीचे लोक येणार. मुलगा हितेश, दोन गोदामं. त्याआधी हॉलला राखेचा रंग पाहिजे. राख पण एका जातीची नसते. गोवरीच्या राखेत पिवळं असतं, तुसाच्या राखेत निळं. रंगाऱ्याला सांग, भिंतीवर चार-पाच पट्टे मार, आन् एकेका पट्ट्यापुढं पोरीला उभी कर. पाव्हणे चारला येतात, तर चारलाच बघ. लोभ नसला तरी चालंल, काम झालं पाहिजे.

जानकीबाई

भिवंडी, २१ नोव्हेंबर

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. रंगाऱ्यानं पाच पट्टे मारले. ओले होते तेव्हा सगळे सारखेच करडे वाटले, वाळल्यावर एकेकाचे गुण कळले. निळसर पट्ट्यापुढं क्षितिजाचे ओठ जांभळे दिसले. पिवळसर दोन होते, त्यांच्यापुढं चेहरा मळकट. फिका तर पांढऱ्याचाच भाऊ. शेवटी जरा गडद, कबुतराच्या पाठीसारखा होता, त्याच्यापुढं ती उजळली. रंगारीसुद्धा हिंदीत म्हणाला की यात दीदी खुलून दिसते.

दीड तास उभी होती ती. चारचं ऊन मिळावं म्हणून बँकेतून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन, दमून आली होती. तिसऱ्या पट्ट्याला तिनं मला विचारलं की भिंत तिच्यासाठी निवडतोय की तिला भिंतीसाठी. मी तिला चौथ्या पट्ट्यापुढं सरकवलं. तेव्हापासून ती आमच्या पंगतीला बसत नाही.

बाकीच्या तीन भिंतींना काय लावू? पडदे पिवळे आणले आहेत. मुलीवर राग नसावा, एवढीच विनंती.

आपली सून विनिता

कोन, २२ नोव्हेंबर

पिवळे पडदे? पोरीला हळद लागायच्या आधी खिडकीला लावलीस व्हय? परत कर.

चि. सौ. विनितास आ. बाकी तीन भिंती सायीच्या रंगाच्या. पडदे मातकट. सोफ्यावर गडद हिरवं. पोरीला गुलाबी नेसवू नको, मोरपंखी नेसव.

आन् पाव्हणे असेपर्यंत तू स्वयंपाकघराबाहेर यायचं न्हाय. गोरी बघूनच तुला या घरात आणली, नातवंडं उजळ होतील म्हून. पोर गेली बापावर. तू शेजारी उभी राहिलीस तर त्या कबुतरी रंगानं काय करावं? पोहे केसरीनाथ आणेल. रुसायचं असलं तर आतच रुस.

जानकीबाई

भिवंडी, १ डिसेंबर

ती. आजीस सा. न.

आईला लिहायचं नाहीये, म्हणून मी लिहितेय. काल कशेळीची माणसं आली. तुझा रंग चालला. हितेशनं दोनदा माझ्याकडे पाहिलं, बाकी वेळ मोबाईलकडे. त्याच्या आईनं मुलगी पसंत म्हणून सांगितलं.

निघताना तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि हळूच रंगाचा नंबर विचारला. तिची धाकटी ऋतिका पुढच्या महिन्यात दाखवायची आहे, तीही माझ्यासारखीच म्हणे. मी नंबर लिहून दिला. मग मायलेकांना गॅलरीत नेलं, उन्हात उभी राहिले, आईलाही आतून बोलावून शेजारी उभं केलं. सांगितलं की माझा रंग हा, भिंत इथंच राहणार आहे. हितेश हसला. त्याची आई हसली नाही.

आजी, लहानपणी तुझ्या अंगणात दिवस दिवस खेळले. तिथल्या उन्हात मी कशी दिसायचे, ते तू कधी सांगितलं नाहीस. आता सांग.

तुझी नात क्षितिजा

कोन, ९ डिसेंबर

कशेळीचा निरोप तुमच्याकडं न येता माझ्याकडं आला. इतकी किंमत हाय तुमच्या घराची.

चि. क्षितिजास आ. अंगणात तू काळीच दिसायचीस. ऊन खोटं बोलत न्हाय, मी पण न्हाय.

निरोप असा. मुलगी पसंत. पण लग्नाआधी त्यांच्या हॉलला तोच कबुतरी रंग आपण लावून द्यायचा. त्यांच्याकडं माणसांचा राबता, सून कशी दिसते ते लोक बघतात म्हणे. तू सांगून आलीस भिंत इथंच राहणार. बघ, भिंत तुझ्या आधी सासरी निघाली.

माझीच युक्ती ती बाई मलाच शिकवते. माझ्या नातीला मी काळी म्हणीन, तव्याची पाठ म्हणीन. तिनं म्हणायचं न्हाय. केसरीनाथ तर रंगाऱ्याला विचारून पण आला. विनिता रडेल आन् हो म्हणेल. मी लिवलं तर नुसत्या शिव्या लिवीन.

हो म्हणालीस तर जन्मभर त्या भिंतीपुढं बसशील. न्हाय म्हणालीस तर आमच्यापुढं बसशील, आन् आम्ही गोड बोलणारी माणसं न्हाय. दोन्ही नीट बघ, चारच्या उन्हात बघ. कशेळीला उत्तर तूच लिवायचं. दुसऱ्या कुणी पेन उचललं तर हात मोडीन.

जानकीबाई