न लिहिलेला स्वर

बोर्गोसेल्वा,
सान स्तेफानोचा दिवस (नाताळचा दुसरा दिवस), सकाळ

प्रिय एवारिस्तो भाऊजी,

आज संध्याकाळी आमच्या ऑपेरागृहाचा हंगाम सुरू होताना आपण प्रेक्षकांच्या वरच्या माळ्यावरून निषेधाची शिट्टी मारणार, असे तुम्ही काल चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत जाहीर केलेत, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. तोंडी सांगितले असते, पण तुम्ही मधे बोलता. पत्रात मधे बोलता येत नाही. मी तुमच्या दुकानात, तुमच्यासमोर उभी आहे. शेवटपर्यंत वाचा, आणि तोवर ती हॅम कापायची सुरी खाली ठेवा.

प्रकृती बरी असावी. गुडघ्याची चौकशी करणार होते, पण माळ्याचा जिना चढण्याइतका तो बरा आहे हे उघडच आहे. माझ्या जावेला, नेरीनाला, सांगा, तिने नाताळासाठी पाठवलेले रश्शातले सारण भरलेले तोर्तेलिनी उत्तम झाले होते. तुमच्या भावाने त्यातला एकही खाल्ला नाही. ते पहाटेपासून ओव्हरकोट घालून स्वयंपाकघरात उभे आहेत. बसा म्हटले तर म्हणतात, बसलो तर उठता येणार नाही.

हा माणूस ऑपेरागृहाचा संचालक कसा झाला ते मी तुम्हाला सांगायला नको, पण तुम्ही विसरल्यासारखे वागता, म्हणून सांगते. तुम्ही दोघे भाऊ एकाच दिवशी कोरसच्या निवडीला उभे राहिलात. तुम्हाला घेतले. ओत्तोरिनोचे गाणे ऐकून कोरसमास्तरांनी खिडकी लावून घेतली आणि त्यांना रंगमंचाखालच्या खोक्यात बसवले, गाणाऱ्यांना विसरलेले शब्द पुरवायला. मग सासऱ्यांनी तुम्हाला दुकानात बसवले, कारण हॅम विकणाऱ्या घरात एकाने तरी हॅम विकायला हवे होते. गळा तुम्हाला मिळाला आणि थिएटर त्यांना, हे तुम्हाला अजून पचलेले नाही. मला ते समजते. पण हे आयुष्यभर त्या खोक्यातून वर सरकत आले आहेत. जाहिराती चिकटवल्या, रुसलेल्या गायिकांची कुत्री फिरवली, दोन वादकांचा घटस्फोट मोडला (त्यांना नंतर त्याचा पश्चात्ताप झाला, तो भाग वेगळा). बिशपसाहेब जांभळा कमरपट्टा बांधून पुढच्या सज्जात येऊन बसले आणि थिएटरात जांभळा रंग अपशकुनी म्हणून गायिकेने रंगमंचावर पाऊल टाकायला नकार दिला, तेव्हा ह्यांनीच बिशपांना नेच्याच्या कुंडीमागे बसवून, तिथून आवाज अधिक चांगला ऐकू येतो असे पटवले. बिशप आजही तीच जागा मागतात. संचालक म्हणजे हेच काम असते, भाऊजी. लोकांना वाटते, टाळ्या घ्यायच्या असतात.

आता तुमचे काम. वरच्या माळ्यावर तुम्ही टोपी काढेपर्यंत कोणी हूं की चूं करत नाही, आणि तुम्ही टोपी काढली की बेकरीवाल्यापासून नोटरीच्या कारकुनापर्यंत सगळे शिट्टीसाठी दोन बोटे तोंडात घालतात. गेल्या हंगामात तुमच्या शिट्ट्यांनी तो बिचारा जाडा गायक राजाच्या वेषातच स्टेशनवर पळाला. मुकुट अजून परत आलेला नाही. त्यानंतर नगराध्यक्षांनी ह्यांना बोलावून सांगितले की पहिल्याच प्रयोगाला पुन्हा असे झाले, तर संचालक बदलू. त्यांचा जावई तयार बसला आहे. तो टायर विकतो. ऑपेरा म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे का विचारले, तर नगराध्यक्ष म्हणाले, शिकेल की.

तुमची तक्रार मला माहीत आहे. तिसऱ्या अंकात नायक तलवार उपसून सैनिकांच्या घोळक्यात उभा राहतो आणि शेवटी तो उंच स्वर लावतो, ज्यासाठी तुमचा माळा वर्षभर वाट बघतो. या वर्षी तो स्वर लागणार नाही, हे तुम्हाला बेकरीवाल्याने सांगितले. खरे आहे. पण तो स्वर रचनाकाराने लिहिलेलाच नाही. कुणा गायकाने तो घुसडला आणि तुम्हा लोकांना त्याची चटक लागली. मी बोलोन्याला लॅटिन शिकवले आहे. मूळ संहितेत नसलेला शब्द जो घालील, त्याला आम्ही नापास करत असू. तेव्हा तुमच्या भावाने या वर्षी हस्तलिखिताशी प्रामाणिक राहायचे ठरवले असेल, तर ते विद्वत्तेचे काम आहे, आणि त्यावर शिट्टी मारणे हा अडाणीपणा आहे.

एवढेच सांगायचे होते. नेरीनाला आशीर्वाद, आणि टोपी आज डोक्यावरच राहू द्या.

तुमची वहिनी,
एर्सिलिया

ता. क. हस्तलिखिताचे वर लिहिले ते सगळे खरे आहे. फक्त तुमच्या भावाला ते परवा, नायकाचे गाणे तालमीत ऐकल्यावर आठवले. गायक तरुण आहे, देखणा आहे, खालपासून मधल्या पट्टीपर्यंत लोण्यासारखा गातो. त्यापुढे त्याच्याकडे काही नाही. दुसरा आणायला वेळ नाही, आणि पो नदीकडून असे धुके आले आहे की आणला तरी पोचणार नाही.

ता. क. दुसरा. तो स्वर या गावात एकाच माणसाकडे आहे. तो रोज सकाळी हॅम टांगताना लावतो, आणि चौकातली कबुतरे उडतात. नायकाच्या मागे सैनिक उभे असतात. त्यांतला एक जास्त असला तर कोणी मोजणार नाही. माळ्यावरच्या मंडळींना आवाज ओळखू येईल, येऊ द्या; ओळखल्यावर कोण शिट्टी मारील? ह्यांना यातले काही ठाऊक नाही. ठाऊक झाले तर नको म्हणतील, कारण तुमच्याकडे मागायचे त्यांच्या जिवावर येते. म्हणून मी मागते आहे. हो किंवा नाही, एवढेच सांगा.

पोच (दुकानात उभ्याउभ्या लिहिली)

भाऊजींनी पत्र वाचले. दोनदा. मग एप्रन सोडला.

मागच्या दाराची किल्ली: दिली, घेतली.

सैनिकाचा झगा: दिला, घेतला. पोटावर बसत नाही. नेरीना उसवते आहे.

शिरस्त्राण: दिले, घेतले.

नकली दाढी: दिली, नको म्हणाले. एवढा स्वर लावायचा तर तोंड दिसू दे, म्हणाले. दारापर्यंत मला पोचवायला आले, आणि तिथे हळू आवाजात विचारले, "वहिनी, वरून कोणी शिट्टी मारली तर?"

दाढी पुन्हा दिली, घेतली. याहून मोठी आहे का विचारले. नाही.